पंचक्रोशीत हळहळ

रविवार, ११ जानेवारी

ज्या पतपेढीने ही दैनंदिनी फुकट वाटली, तिच्या संचालक मंडळाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक पान. शनिवार आणि रविवार मिळून मात्र एकच. रविवारी माणसाने अर्धेच जगावे असा ठराव या मंडळींनी सर्वानुमते मंजूर करून घेतलेला दिसतो. सोमवार ते शनिवार मी इतरांच्या बातम्या लिहितो, तेव्हा मला पान नसलं तरी चालेल. एकटेपणा नावाचा जो पाहुणा आहे, तो रविवारी सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि संध्याकाळचा चहा घेतल्याशिवाय हलत नाही. त्याला अर्ध्या पानात बसवायचं कसं? सबब निषेध नोंदवून सोमवारच्या पानावर अतिक्रमण करत आहे. पनवेलमध्ये राहायचं आणि अतिक्रमण करायचं नाही, हेही बरं दिसत नाही.

नोंदी ठेवायचं कारण लिहून ठेवतो. गेल्या फेब्रुवारीत वसुंधरा, माझी बायको, गेली. तेव्हापासून मी रडण्याविषयीचे शब्द जमवतो आहे. इतर लोक अशा वेळी देवळात जातात, कोणी डोंगरावर जातात; संस्कृतात एम.ए. केलेला माणूस यादी करायला बसतो. आज यादी एकसष्टावर आहे. संस्कृतची मंडळी घरंदाज, नीट कपडे घालून आलेली: रुदन, क्रंदन, विलाप, परिदेवन. मराठी मंडळी नाकातून पाणी वाहत असतानाच दारात उभी: मुसमुसणे, स्फुंदणे, हमसणे, टिपं गाळणे, हंबरडा फोडणे, धाय मोकलणे. एकेक लिहिला की जरा बरं वाटतं. आपल्या आधी कोणीतरी इथवर येऊन, जागेला नाव देऊन, पुढे गेलेलं आहे असं काहीसं. अर्थात हे भाषेचं काम आहे. माझ्याशी त्याचा व्यक्तिशः संबंध नाही.

यातला एक शब्द रोज सकाळी चारुताला मोबाइलवर पाठवतो. चारुता आमची मुलगी. सत्तावीस वर्षांची, पुण्यात नोकरी, तिथे एकटीच राहते. ती उत्तरादाखल एक अंगठा पाठवते. आमचा वर्षभराचा पत्रव्यवहार कोणी छापायला घेतला, तर डाव्या पानावर कोश निघेल आणि उजव्या पानावर खरेदीखताच्या साक्षीदारांसारखे नुसते अंगठे.

वर्षश्राद्ध माघ वद्य पंचमीला, म्हणजे सहा फेब्रुवारीला. येशील ना, असं काल तिला फोनवर विचारलं. "बघते," म्हणाली.

तिचा राग कसला आहे ते मला माहीत आहे. बावीस वर्षं पनवेल-उरणकडच्या निधनवार्ता मी लिहितो. साचा ठरलेला: नाव, वय, अल्पशा आजाराने, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात परिवार आणि शेवटी पंचक्रोशीत हळहळ. साठ शब्द. वसुंधरा गेली त्या दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी तिचीही वार्ता मोबाइलवर टाइप केली आणि पाठवून दिली, कारण पान संध्याकाळी पाचला लावतात. चारुता तेव्हा पुण्याहून निघाली होती. आमच्या संकेतस्थळावर ती लगेच चढली, आणि घाटात असतानाच कोणा नातेवाइकाने तिला ती बातमी पाठवली. ती आली, आईजवळ उभी राहिली आणि मला एवढंच म्हणाली, "बाबा, चौदा महिने म्हणजे अल्पसा?"

चौदा महिने आजारी होती. साचा बोटांतच होता, मी पाहिलंच नाही. हे कारण चारुताला अजून दिलेलं नाही, कारण मनात म्हणून पाहिलं तर ते आणखीच वाईट ऐकू येतं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या मनीषाताईंनी तिळगूळ दारातूनच दिला. जिन्यावरून हळदीकुंकवाला निघालेल्या बायका आमच्या मजल्यावर आल्या की आवाज लहान करतात. मी काही झोपलेला नसतो. त्यांना कसं सांगायचं?

आजचा शब्द: गहिवर. अंगठा दुपारी अडीचला आला. एरवी साडेदहाला येतो. कामात असेल.

शनिवार, १७ जानेवारी

कार्यालयात दीपेश नावाचा गृहस्थ आला. चिरनेरच्या अलीकडचं गाव, पस्तिशीचा, न्हावा शेव्याच्या बंदरावर त्याचे दोन ट्रेलर चालतात. काल त्याचे वडील दाजी वारले. वय चौऱ्याहत्तर, सारी हयात मिठागरात गेली. मी माहिती विचारली, साच्यात ओतली आणि दहा मिनिटांत कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो एकेका ओळीवर बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखा वाचला.

"सर, हे बाबांचं हाय?"

मी म्हटलं, नाव त्यांचंच आहे ना.

"नाव हाय. पण मागच्या महिन्यात शेजारच्या गावात एक जण वारला, त्याचं पण हेच छापून आलेलं. मनमिळाऊ. तो तर कोणाशी बोलायचा पण नाय."

आमचा उपसंपादक सत्यजीत संगणकाच्या आड तोंड लपवून हसला. मी दीपेशला समजावलं की मनमिळाऊपणा हा गुण मृत्यूबरोबर आपोआप लागू होतो, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. तो हसला नाही. मला लाज वाटली. मग विचारलं, काय लिहू सांगा. त्याला सांगता येईना. शेवटी म्हणाला की त्याची आत्या, गंगाबाई, रडते त्यात बाबा पूर्ण येतात. मी दहाव्याला यावं म्हणजे कळेल. आजूबाजूच्या पाच गावांत कोणी गेलं की तिला बोलावणं असतं म्हणे.

हो म्हणालो. यादीत लोकभाषेची बाजू कच्ची आहे, ती भरून निघेल.

सोमवार, २६ जानेवारी

कालच्या रविवारचं आज लिहितो. झेंडावंदनाच्या चार बातम्या आहेत, त्या थांबतील.

दीपेश गाडी घेऊन आला होता. खाडीवरचा विधी आटोपून सगळे घरापुढच्या मांडवात बसले होते. बाहेरगावच्या बायका टेम्पोतून उतरल्या की गंगाबाई उठायची. सत्तरीच्या पुढची, काटकुळी, नऊवारीचा पदर कपाळावर ओढलेली. आलेल्या बाईच्या गळ्यात हात टाकून ती हेल काढायची, आणि पाच-सहा जणी भोवती बसून तिच्या सुरात सूर मिसळायच्या.

"माज्या भावा रं, मिठाच्या पान्यानं पाय तुजे फुटले रं... पोरांना बोलाचास पाय दुखत नाय, खोटा बोलाचास रं... मना पन खोटाच बोललास..."

म्हणजे ती मेलेल्या भावाला खोटं बोलल्याबद्दल रागावत होती. बावीस वर्षांत, साठ-साठ शब्दांत, मी एकाही मृताला रागावलेलो नाही. दाजी पावसात छत्री न्यायचे नाहीत, सुनेच्या हातचं आवडायचं पण तिला कधी सांगायचे नाहीत, बैल विकला तेव्हा दोन दिवस ओटीवरच झोपले, हे सगळं मला अर्ध्या तासात समजलं. दीपेश खांबाला टेकून ऐकत होता. कागद वाचताना त्याचा जो चेहरा झाला होता, तो आता मोकळा झालेला दिसला.

हेल संपला की गंगाबाई पदराने तोंड पुसायची आणि साध्या आवाजात भात शिजलाय का बघ गो, म्हणून कोणालातरी आत पिटाळायची. पुढचा टेम्पो आला की पुन्हा पहिल्यापासून. मला हे नाटक वाटलं, हे कबूल करतो. मी वही काढली आणि शब्द उतरवायला लागलो.

तिने पाहिलं. रडणं मध्येच थांबवून म्हणाली, "मास्तर, आमचा रडना पेपरात देनार काय?"

बायका पदराआड हसल्या. मी तिला माझ्या संग्रहाची कल्पना दिली. आणि मग, वयाची छप्पन्न वर्षं पूर्ण केलेल्या माणसाने करू नये ती गोष्ट केली: मघाचं ते छत्रीचं जरा सावकाश पुन्हा म्हणाल का, असं विचारलं. मला लिहून घ्यायचं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला मघाची शिंक परत द्यायला सांगतोय.

"असा कसा येल? रडाला समोर मानूस लागतो. येकटीनं बसलं तर आवाजच निंगत नाय."

पाणी दिलं, बस म्हणाली. मग माझी चौकशी सुरू झाली. घरी कोण? मी सांगितलं, मंडळी वर्षापूर्वी गेली. तिच्यापाठी कोण रडलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे तशी पद्धत नाही, लोक गप्प बसतात. मुलगी उशिरा पोचली.

"पोरीला कोनी धरली?"

मी म्हटलं, काय?

"आय मेली, पोर आयली. तिला गल्याशी कोनी धरली?"

मी आठवत बसलो. चारुता आली तेव्हा माझ्या एका हातात मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल. तिच्या खांद्यावरची पिशवी तिनेच काढून बाकावर ठेवली. हे मला स्पष्ट आठवतं. पुढचं काही आठवत नाही.

गंगाबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. वसुंधरा कशी होती, असं विचारलं.

"मनमिळाऊ होती," मी म्हणालो. माझ्याच कानांना ते ऐकू आलं.

"त्या सगल्याच असतात. घरात काय करायची?"

मग मी सांगितलं. धुतलेली भेंडी ती वर्तमानपत्रावर पसरायची, आणि नेमकी माझी बातमी असलेल्या पानावर. अहो, तुमच्या बातम्या पाणी छान शोषून घेतात, असं म्हणायची. शेवटच्या महिन्यात पलंगावरून रोज विचारायची की बाहेर वारा आहे का. खिडकी उघडीच असायची. आणखीही काही सांगितलं, ते वहीत लिहिलेलं नाही.

गंगाबाईने माझ्या मनगटावर हात ठेवला, पदर पुढे ओढला आणि हेल काढला.

"बाय माजे गो, तुजी भेंडी कोन पुसल गो... वारा वारा करत जेलीस, वारा पन भेटला नाय गो... लेक दारात आयली, आय नाय बोलली गो..."

एकाही बाईने वसुंधराला पाहिलेलं नव्हतं. सगळ्या रडल्या. नाटक असतं तर मला ओळखू आलं असतं. तालुक्यातल्या सगळ्या एकांकिका स्पर्धांना मी गेलेलो आहे.

मी काही रडलो नाही. नोंद अचूक असावी म्हणून लिहितो. परत येताना ट्रेलरच्या रांगेत गाडी बराच वेळ अडकली, तेव्हा दीपेशने माझ्याकडे न पाहता रुमाल पुढे केला. धूळ फार होती.

बुधवार, २८ जानेवारी

आज शब्द पाठवला नाही. फोन केला. चारुता घाबरली, कारण मी एरवी दुपारी फोन करत नाही. मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं: आजार अल्पसा नव्हता, चौदा महिन्यांचा होता, मी चुकीचं छापलं. पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. मग तिने विचारलं की बाबा, बरं आहे ना तुला? मी म्हटलं, बरं आहे. तुला त्या दिवशी कोणी धरलं नाही, हे वाक्यही ठरवलेलं होतं. ते राहून गेलं.

मग ती म्हणाली, सहा तारखेला येते, सकाळच्या बसने. संध्याकाळी परत जाईन, शनिवारी काम आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तीन दिवस साठ शब्द लिहितो आहे. नवख्या वार्ताहराला मी हेच काम चहा येईपर्यंत करून द्यायला सांगतो. प्रथम पुण्यस्मरणाची जागा सत्यजीतने सहा तारखेच्या पाचव्या पानावर राखून ठेवली. मजकूर वाचून तो उठून माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "सर, भेंडी ठेवायची?"

ठेव म्हटलं.

जो मजकूर गेला तो असा:

'वसुंधरा कमलाकर लेले यांना जाऊन वर्ष झाले. त्या चौदा महिने आजारी होत्या. धुतलेली भेंडी त्या नवऱ्याच्या बातमीवर वाळत घालत. बातमी पाणी चांगले शोषते, असे त्यांचे मत होते. शेवटी त्या रोज विचारत, बाहेर वारा आहे का. त्यांच्या पश्चात पती आणि मुलगी आहेत. गेल्या वर्षी पंचक्रोशीत हळहळ व्यक्त झाल्याचे येथे छापले होते. पंचक्रोशीला काही माहीत नव्हते. घरात दोघांना माहीत होते.'

सत्यजीतने एकही शब्द कापला नाही. मोजलेही नाहीत, असं वाटतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चारुता साडेआठला आली. बारीक झाली आहे. केस कापले आहेत, मानेपर्यंत. मी छान दिसतात म्हणालो, ती म्हणाली, चार महिने झाले कापून. गुरुजी दहाला आले. गुरुजींच्या उच्चारांत मी दोन चुका काढल्या, तेव्हा तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं, अगदी आईसारखं. जेवणं झाली, गुरुजी गेले. ती मोकळं बोलत होती, हसत होती, घरमालकिणीच्या मांजराच्या गोष्टी सांगत होती. मला बरं वाटलं. वाटलं, मिटलं.

तीन वाजता पाय वर घेऊन ती कोचावर बसली आणि पेपर चाळायला लागली. मी आतून पाहत होतो. पाचवं पान आलं. तिने ते दोनदा वाचलं असावं, कारण एवढ्याशा मजकुराला इतका वेळ लागत नाही. मग पेपर घडी करून हातात घेतला आणि बाथरूममध्ये गेली. कडी लागली. नळ सुरू झाला.

पूर्ण सोडलेला नळ. बादली भरून वाहते आहे, हे आवाजावरून समजत होतं. आमच्याकडे पाणी दोन तास येतं आणि ते असं सोडून द्यायची पद्धत नाही. मी दारापाशी गेलो. नळाच्या खाली दुसरा आवाज होता. त्याला माझ्या यादीत निदान चार नावं आहेत.

हात वर केला होता. दार वाजवायचं, कडी काढ म्हणायचं आणि जे वर्षापूर्वी करायचं होतं ते करायचं. फार अवघड काम नाही, गंगाबाई दिवसातून दहा वेळा करते. मी विचारलं, "चारू, चहा टाकू का?"

नळ बंद झाला.

"टाक," ती आतून म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

चहा आम्ही गॅलरीत उभं राहून घेतला. पेपर तिने पिशवीत ठेवला होता. साडेपाचला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी लागायला वेळ होता. ती म्हणाली, "बाबा, शब्द बंद नको करूस हं. मध्ये एक दिवस नाही आला तर मला कसंतरी झालं."

मी म्हटलं, मला वाटायचं तू कंटाळून अंगठा पाठवतेस.

"नाही रे. ऑफिसात असते तेव्हा येतो. मग मी उठून जिन्यात जाते. जो आला असेल तसं. मुसमुसणे आला तर तेवढंच. धाय मोकलणे आला होता तेव्हा गच्चीवर जावं लागलं." ती हसली. "झालं की अंगठा."

गाडी लागली. तिने खिडकीची जागा धरली आणि हात केला. मी वळून घरी आलो.

आता काळजीचं लिहितो, कारण ते कोणालाच सांगितलेलं नाही. वसुंधराही अशीच रडायची, नळ सोडून. चौदा महिने. तिला वाटायचं मला ऐकू जात नाही, आणि मी तिला तसं वाटू दिलं. बाहेर पेपर उघडून बसायचो. नळ बंद झाला की आत हाक मारून चहाचं विचारायचो. चारुताला वाटतं की आजार केवढा होता ते मला कळलंच नाही, म्हणून मी अल्पसा लिहिलं. मला सगळं कळत होतं, रोज ऐकू येत होतं. आज पुन्हा ऐकू आलं, आणि सगळं माहीत असून मी चहाच टाकला. ती चैत्रात येणार आहे. नळ वाजला तर त्या दिवशीही मी दार वाजवणार नाही, अशी मला भीती वाटते.